जॅक आणि त्याची गळती

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या आठवड्यात, व्याख्यानासाठी मी आरमोरीला गेलो होतो. ब्रह्मपुरीकडून येताना वैनगंगेचा पूल ओलांडला की हे गाव लागते. कोशाच्या कापडासाठी ते प्रसिद्ध आहे. शाळेच्या मैदानावर एका संस्थेची फिरती प्रयोगशाळा आली होती. बसच्या पोटात भिंग, तराजू, सूक्ष्मदर्शक वगैरे मांडलेले, आणि बसच्या चार कोपऱ्यांना जमिनीवर टेकणारे चार हायड्रॉलिक जॅक. उंचसखल मैदानावरही बसची जमीन समपातळीत यावी, टेबलावरचा गोळा घरंगळू नये, म्हणून ही सोय. परदेशात सुट्टीसाठी वापरतात त्या घरगाड्यांना असेच जॅक असतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा ही वस्तू आपल्याकडेही यापुढे अधिक दिसेल.

संध्याकाळी पाणसळ लावून बस समपातळीत केली होती. सकाळी पाहतो तो मागची डावी बाजू चार बोटे खाली!

मी भौतिकशास्त्राचा माणूस. लगेच कारण सांगून टाकले : दिवसा तेल तापते, रात्री थंड होऊन आकसते. खनिज तेलाचे आकारमान दर अंशाला साधारण ०.०७ टक्के बदलते. दिवस-रात्रीच्या तापमानात १७ अंशांचा फरक धरला तर आकुंचन झाले सव्वा टक्का. जॅकचा दांडा २० सेंटिमीटर बाहेर असेल, तर तो अडीच मिलिमीटर खाली येणार. गणित बिनचूक होते. फक्त उत्तर अडीच मिलिमीटर होते आणि बस चार बोटे खचली होती. शिवाय थंडी चारही जॅकना सारखीच लागली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना बोलावले. त्यांनी आधी जॅकखालची फळी पाहिली. फळी जमिनीत रुतली नव्हती. मग दांड्यावरून आणि तळाशी बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे.

"सर, तेल भायेर कुठीच नाही. मंग ते अंदरच वापस जाऊन रायलं."

"म्हणजे झडप गळते का भाऊ?"

"छर्रा बसला नसंल. पाहू खोलून."

पण त्यांनी पाना लगेच हातात घेतला नाही. आधी ऐनाच्या लाकडाचे गुटके आणवले. दुसऱ्या जॅकने बस उचलताना चौकटीखाली एकावर एक आडवे-उभे गुटके रचत गेले, आणि बसचे वजन त्यांवर टेकवल्यावरच बिघडलेल्या जॅकला हात लावला. या गुटक्यांकडे मी पुन्हा येणार आहे.

जॅकच्या आत काय असते ते आधी पाहू. एक अरुंद नळकांडे व त्यात छोटा दट्ट्या, एक रुंद नळकांडे व त्यात मोठा दट्ट्या, आणि बाजूला तेलाची टाकी. दांडी वर केली की टाकीतले तेल छोट्या नळकांड्यात येते, खाली दाबली की ते मोठ्या नळकांड्यात जाते. तेलाने उलटे फिरू नये म्हणून दोन झडपा असतात. झडप म्हणजे काय, तर भोकावर बसलेला एक पोलादी छर्रा. छोट्या दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ असेल, तर क्षेत्रफळे १ : १६. दांडीच्या तरफेने जोर आणखी १५ पट होतो. म्हणजे २० किलो वजनाइतका जोर लावून, घर्षण सोडून दिले तर, ४,८०० किलो उचलता येतात. फुकट मात्र काही मिळत नाही. छोटा दट्ट्या २ सेंटिमीटर खाली गेला की मोठा फक्त सव्वा मिलिमीटर वर येतो. १० सेंटिमीटर उचलायला ८० वेळा दांडी मारा!

हे सारे पास्कलला ठाऊक होते. त्याचा द्रवांच्या समतोलावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापला गेला. त्यात पाण्याने भरलेले भांडे आहे, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठे आहे, आणि लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर जणांची बरोबरी करतो, हेही आहे. आपली पाठ्यपुस्तके येथून थेट ब्रामाच्या दाबयंत्रावर उडी मारतात. ब्रामाचे पेटंट आहे १७९५ चे. म्हणजे मध्ये १३२ वर्षे गेली. नियम माहीत, आकृती तयार, गरज तर होतीच. मग अडले कुठे?

अडले गळतीशी. दाब सर्व दिशांना सारखा पसरतो असे आपण शिकवतो. सर्व दिशांमध्ये दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधली फटही आली, आणि दाब जितका जास्त तितके पाणी त्या फटीतून जोरात निसटणार. जोसेफ ब्रामा हे लंडनचे कुलपे बनवणारे कारागीर. सुबक, काटेकोर कामासाठी नावाजलेले. त्यांनाही ही फट पुरून उरली. फटीत भरण घट्ट ठोकले तर पाणी थांबे, पण दट्ट्याच अडके आणि दाब सोडल्यावरही खाली येईना. भरण सैल केले की पाण्याची चिळकांडी.

यावरच्या तोडग्याचे श्रेय ब्रामांच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या तरुणाला दिले जाते. त्याने चामड्याचे कडे वाटीसारखे वळवून अशा रीतीने बसवले, की वाटीचे उघडे तोंड पाण्याच्या बाजूला येईल. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब वाटीचे ओठ फाकवून एक ओठ दट्ट्यावर, दुसरा भिंतीवर दाबून धरतो. दाब गेला की ओठ सैल पडतात आणि दट्ट्या मोकळा होतो. जो दाब गळती करू पाहतो, त्यालाच राखणीला बसवले! मला विचाराल तर पास्कलच्या नियमाइतकीच ही कल्पना वर्गात सांगण्यासारखी आहे. सायकलच्या जुन्या हातपंपातला चामड्याचा वायसर काढून दाखवा. तोही वाटीसारखाच असतो, आणि वाटीचे तोंड दाबाच्या बाजूला असते. मॉडस्लेला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. त्याने वाढ मागितली, ब्रामांनी नाकारली, आणि १७९७ मध्ये त्याने स्वतःचे दुकान थाटले. पुढे इंग्लंडमधले नामांकित यंत्रकार त्याच्या हाताखाली तयार झाले.

ब्रामाचे दाबयंत्र विदर्भाला अनोळखी नाही. हिंगणघाट-वरोऱ्याकडे कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस त्याच कुळातले. तेच यंत्र उलट कामाला, म्हणजे दाबण्याऐवजी उचलायला जुंपले की जॅक झाला. सहज उचलून नेता येईल अशा जॅकचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड डजन यांनी १८५१ मध्ये घेतले.

आता गुटके. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया पूल बांधत होते. हेच स्टीफन्सन आपल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली त्या रेल्वेचे, सल्लागार अभियंता होते. पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या चौकोनी नळ्या. मोठ्या गाळ्याच्या एकेका नळीचे वजन सुमारे दीड हजार टन. ती तरंगत आणायची आणि मनोऱ्यांवर बसवलेल्या हायड्रॉलिक प्रेसनी शंभरएक फूट वर उचलायची. स्टीफन्सन यांची सक्त ताकीद होती : नळी वर सरकेल तसतसे खाली भरण करत चला, मोकळे अंतर ठेवू नका. १७ ऑगस्ट १८४९ रोजी एका प्रेसच्या नळकांड्याचा तळच फुटून पडला. नळीचे ते टोक खाली आले, पण जेमतेम वीतभर. खाली भरण होते. ते नसते तर नळीही गेली असती आणि कदाचित पूलही. नळी दुरुस्त झाली आणि १८५० च्या मार्चमध्ये पूल सुरू झाला.

आठ वर्षांनी लंडनमध्ये ब्रुनेल यांचे 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज पाण्यात लोटायचे होते. वजन सुमारे १२,००० टन. ३ नोव्हेंबर १८५७ चा पहिला प्रयत्न फसला. मग बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचे आणि इतर ठिकाणांहून मिळतील तेवढे हायड्रॉलिक प्रेस आणले गेले. ते फुटत, बदलले जात, जहाज काही इंच सरके. मदतीला आजारी स्टीफन्सन उभे होते. ३१ जानेवारी १८५८ रोजी जहाज तरंगले. टँगींच्या जॅकची कीर्ती त्यानंतरच जगभर पसरली. हे जहाज पुढे मुंबईलाही आले. १८७० मध्ये मुंबई-एडन समुद्री तार त्यानेच टाकली, आणि उष्ण समुद्रात आतली तार थंड राहावी म्हणून त्याला पांढरा रंग दिला होता.

विसाव्या शतकात पाण्याची जागा बहुतेक ठिकाणी तेलाने घेतली. पाण्याने लोखंड गंजते, थंडीत ते गोठते; तेलाने वंगणही होते. पण तेल आले तशी नवी अडचण आली : नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते. १९३० च्या दशकात जर्मनीत तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर तयार झाले, आणि १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सन यांना साध्या गोल रबरी कड्याचे, म्हणजे 'ओ-रिंग'चे, अमेरिकेत पेटंट मिळाले.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण तो मी ट्रकच्या अड्ड्यांवर पाहिला आहे. जॅकमधले तेल कमी झाले की हाताशी असलेले 'ब्रेक ऑइल' ओततात. नावात ऑइल असले तरी नेहमीच्या गाड्यांतले ते द्रव्य तेल नव्हे. ते ग्लायकोल जातीचे असते, आणि जॅकची रबरे त्यात फुगून खराब होतात. याच्या उलट केले, ब्रेकच्या डबीत खनिज तेल घातले, तर ब्रेकची रबरे फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. जॅक बिघडला तर खोळंबा होतो. ब्रेक गेला तर काय होते ते सांगायला नको. वर्गात रसायनशास्त्र शिकवताना 'विद्राव्यता' या शब्दाला एवढे जवळचे उदाहरण दुसरे नाही.

आरमोरीच्या जॅकमध्ये निघाली एक दशी. कोणीतरी तेल भरताना चिंधीने तोंड पुसले असणार. तिचा इंचभर धागा छऱ्याखाली अडकला होता. रात्रभर तेल त्या फटीतून टाकीत परत जात होते. मिस्त्रींनी भाग डिझेलने धुतले, छर्रा जागेवर ठेवून पितळेच्या सळईने हलकेच ठोकला, म्हणजे बैठकीला त्याचा आकार मिळतो. चिंधी वापरू दिली नाही. नवे तेल घालताना दांडा पूर्ण आत घेऊन मगच पातळी पाहिली, कारण दांडा बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली, तर तो आत येताना परतणाऱ्या तेलाला जागा उरत नाही. मग दांडा तीनदा पूर्ण वर-खाली करून हवा काढली. हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. आत हवा राहिली तर दांडी नुसती स्पंजासारखी हलते. जाताना सांगून गेले, की बस हलवण्यापूर्वी दांड्यांवरची धूळ पुसूनच ते आत घ्या. धुळीचे कण आतले सील कापतात.

व्याख्यानात मी २ आणि २० मिलिलिटरच्या, सुया काढलेल्या दोन पिचकाऱ्या सलाईनच्या नळीने जोडल्या, पाणी भरले, आणि एका मुलीला लहान पिचकारीने वर्गशिक्षकांच्या अंगठ्याशी झुंजायला लावले. शिक्षक हरले. मग मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा आत घेतला. तिने पुन्हा दाबले. बुडबुडा आकसला आणि शिक्षकांचा अंगठा हललाच नाही. हा प्रयोग तुम्हीही करा. त्यानंतर मोठी पिचकारी उभी आधाराला बांधा, तिच्या दट्ट्यावर पुस्तकांचे वजन ठेवा, लहान पिचकारीचा दट्ट्या दोऱ्याने पक्का करा, मोठ्या दट्ट्याची पातळी पेनाने खुणेने नोंदवा आणि सकाळी येऊन पाहा. खूण सरकली असेल, तर पाणी कुठून गेले हे शोधायचे काम मुलांवर सोपवा. आधी बाहेर बोट फिरवायचे, तापमानाचे गणित मग.