दूरची शाळा आणि जवळची शाळा

वर्सोव्याच्या धक्क्यावर उभें राहून समोर पाहिलें असतां खाडीपलीकडे मढचा किनारा दिसतो. होडीनें तो अवघ्या कांहीं मिनिटांचा मार्ग आहे. परंतु जमिनीवरून जावयाचें म्हटलें, तर मार्वे व मालाडवरून वळसा घेऊन वीस किलोमीटरांहून अधिक प्रवास घडतो. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या या जुन्या वस्तींत शाळेचें वर्ष सुरू होतें तें जून महिन्यांत, म्हणजे समुद्र खवळलेला असतांना व मासेमारी बंद असतांना. घरांतील आवक थांबलेली असते, आणि नेमका त्याच दिवसांत मुलाला कोणत्या शाळेंत घालावें, हा प्रश्न उभा राहतो. गांवाजवळच्या साध्या शाळेंत घालावें, कीं खाडी ओलांडून आणि गाडी गांठून दूरच्या नांवाजलेल्या शाळेंत पाठवावें?

वरवर पाहतां हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु मुंबई इलाख्यांतील शिक्षणाचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं, पालकाच्या मनांत हा प्रश्न येण्यापूर्वींच त्याचें अर्धें उत्तर दुसऱ्या कोणीं तरी देऊन ठेवलेलें असतें. शाळा कोठें काढावयाची, कोणाच्या पैशानें काढावयाची आणि कोणासाठीं काढावयाची, हें ज्यांनीं ठरविलें, त्यांनींच पालकाच्या निवडीची कक्षाही आंखून दिली.

मुंबईंत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं १८२२ सालीं जी संस्था निघाली, तिलाच पुढें बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असें नांव मिळालें. १८२७ सालीं गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त झाले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधि जमला. त्यांतून उभ्या राहिलेल्या विद्यालयाचे १८५६ सालीं दोन भाग झाले. एक एल्फिन्स्टन कॉलेज आणि दुसरा एल्फिन्स्टन हायस्कूल. तत्पूर्वीं, १८३२ सालीं, डॉ. जॉन विल्सन यांनीं आपली शाळा काढली होती. १८५७ सालीं विद्यापीठ स्थापन झालें आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांपैकीं होत. त्या दिवसापासून मॅट्रिक हा सरकारी नोकरीचा, वकिलीचा व वैद्यकीचा दरवाजा ठरला, आणि त्या दरवाजापर्यंत नेणाऱ्या शाळा मोजक्या शहरांतच राहिल्या.

या रचनेमागें एक विचार होता. वरच्या वर्गांतील थोड्या लोकांना उत्तम शिक्षण द्यावें, म्हणजे तें ज्ञान आपोआप खालीं झिरपत जाईल, असें त्या काळच्या अनेक राज्यकर्त्यांना वाटत असे. तें किती झिरपलें, याची साक्ष कोंकणांतील एका मुलाच्या आत्मचरित्रांत सांपडते. धोंडो केशव कर्वे हे मुरूडचे. १८७५ सालीं ते एका परीक्षेसाठीं पायीं डोंगरघाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैल चालून साताऱ्यास पोहोंचले. परंतु अंगानें लहान दिसतात, सतरा वर्षांचे वाटत नाहींत, म्हणून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. पुढें १८८१ सालीं मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेंतून ते मॅट्रिक झाले. ते चिकाटीनें टिकले म्हणून त्यांचें नांव राहिलें. वाटेंतूनच परतलेल्या मुलांचीं आत्मचरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत.

१८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं याच वर्मावर बोट ठेवलें. सरकारचा महसूल मुख्यत्वें शेतकऱ्याच्या कष्टांतून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हें त्यांनीं स्पष्ट मांडलें व बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. नांवाजलेली शाळा ही गुणवान मुलासाठीं असते, या म्हणण्याला फुल्यांनीं विचारलेला प्रश्न असा होता, कीं गुण दिसूं लागण्याइतकें शिक्षण तरी सर्वांना मिळालें आहे काय?

शाळेच्या निवडीसाठीं एखाद्या कुटुंबाला काय मोजावें लागे, याचें सर्वांत बोलकें उदाहरण परळच्या एका चाळींतलें आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे सैन्यांतून निवृत्त झालेले. निवृत्तिवेतन महिना पन्नास रुपये. १९०४ च्या सुमारास ते साताऱ्याहून मुंबईस आले, तेव्हां धाकट्या भीमरावाला प्रथम त्यांनीं जवळच्याच मराठा हायस्कुलांत घातलें. थोड्याच काळांत मात्र त्यांनीं त्याला तेथून काढून एल्फिन्स्टन हायस्कुलांत पाठविलें. सरकारी शाळा निवडण्यामागें तिच्या लौकिकाइतकेंच दुसरेंही एक बळ होतें. १८५६ सालीं धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. तें प्रकरण वरपर्यंत गेलें, आणि केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील, असें धोरण १८५८ मध्यें जाहीर झालें. कागदावर कां होईना, त्या शाळेचा दरवाजा उघडा होता.

परंतु दोन्ही मुलांचें शिक्षण चालविणें रामजींना झेपेना. थोरल्या आनंदरावाला शाळा सोडून कामास लागावें लागलें. चाळींतील एकाच खोलींत स्वयंपाक, सरपण, जातें, शेळी आणि सारें बिऱ्हाड. रामजी रात्रीं दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवीत आणि त्याच्या जागेवर स्वतः निजत. इतकें करून जी शाळा गांठली, तींतही सर्व कांहीं खुलें नव्हतें. एकदां शिक्षकांनीं भीमरावाला फळ्यावर उदाहरण सोडविण्यास बोलावलें, तेव्हां फळ्यामागें ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून वर्गांतल्या मुलांनीं धांव घेऊन ते बाजूला केले, असें चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्याला फारसी घ्यावी लागली. १९०७ सालीं भीमराव ७५० पैकीं २८२ गुण मिळवून मॅट्रिक झाला. शिक्षक व ग्रंथकार कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनीं त्याला स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें आणि पुढें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ति मिळवून देण्यास साह्य केलें. त्या २८२ गुणांवरून कोणी भविष्य वर्तविलें असतें, तर तें किती चुकलें असतें! आणि आनंदरावाच्या अंगीं काय गुण होते, हें तर कोणासच कळलें नाहीं.

दुसरा मार्ग उपनगरांनीं दाखविला. साष्टी बेट पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. रेल्वेमुळें गिरगांव-दादर सोडून मध्यमवर्गीय कुटुंबें पार्ले-अंधेरीकडे वस्तीस येऊं लागलीं होतीं. साष्टींतील ख्रिस्ती वस्त्यांना वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉससारख्या, १८६३ पासून चालत आलेल्या शाळेचा आधार होता. मराठी कुटुंबांना मात्र नांवाजलेल्या शाळेसाठीं शहराकडेच पाहावें लागे. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षीं, १९२१ सालीं, पार्लेकरांनीं त्यांच्या स्मरणार्थ पार्ले टिळक विद्यालय काढलें. मुलांना रोज गाडींत कोंबून दूरच्या शाळेंत पाठविण्याऐवजीं शाळाच आपल्या दाराशीं आणावी, आणि ती अशी चालवावी कीं दूर जाण्याचें कारणच उरूं नये, असा तो प्रयत्न होता. याच विद्यालयांत पु. ल. देशपांडे शिकले. जवळची शाळा म्हणजे दुय्यम शाळा, हा समज तेथें खोटा ठरला. मात्र तें यश मिळालें तें वर्गणी देणाऱ्या, वेळ देणाऱ्या आणि शिक्षणाचें मोल आधींच जाणणाऱ्या वस्तीच्या बळावर. ज्या वस्तीपाशीं हें बळ नव्हतें, तिची शाळा कोण उभारणार, हा प्रश्न तसाच राहिला.

विलायतेंतही हा वाद फार गाजला. १९४४ च्या कायद्यानें इंग्लंडांत माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालें. परंतु त्यानंतर बहुतेक ठिकाणीं अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन थोडीं मुलें ग्रामर स्कुलांत आणि बाकीचीं साध्या माध्यमिक शाळांत, अशी वांटणी होऊं लागली. ग्रामर स्कुलांतून कामकऱ्यांचीं कांहीं मुलें वर आलीं, हें खरें; परंतु अकराव्या वर्षीं मागें पडलेल्या मुलावर नापासाचा शिक्का बसे, हेंही तितकेंच खरें. १९६५ मध्यें सरकारनें स्थानिक अधिकाऱ्यांना सर्वांसाठीं एकच सामायिक शाळा करण्याची सूचना केली. तरीही १६३ ग्रामर शाळा तेथें टिकून आहेत, आणि त्यांच्या आसपास राहणाऱ्या आईबापांची घालमेल संपलेली नाहीं.

भारतांत २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत प्रवेशासाठीं मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास बंदी केली. शाळा शेजारीं असावी, हें सरकारचें कर्तव्य ठरलें. नियमांनीं पांचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटर असें अंतरही घालून दिलें. फुल्यांच्या मागणीला सव्वाशें वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर होय. परंतु ही हमी आठवीपाशीं थांबते, आणि दूर कीं जवळ हा प्रश्न खऱ्या अर्थानें बोंचूं लागतो तो त्यानंतरच.

मढ गांव १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलें. खाडीपलीकडच्या वर्सोव्याहून आज मेट्रो सुटते. नांवाजलेल्या शाळांच्या पाट्या त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना आहेत. नकाशावर त्या मढला जवळ आहेत. पण पावसाळ्यांत खाडीला उधाण आलें कीं होडी थांबते, आणि तेंच अंतर वीस किलोमीटरांचें होतें. अशा घरच्या आईबापांनीं मुलाला दूर पाठविलें, तर त्यांना महत्त्वाकांक्षी म्हणूं नये. आणि जवळ ठेवलें, तर त्यांना उदासीन म्हणूं नये. रामजी सकपाळांना दोन मुलांतून एक निवडावा लागला. तो दोष त्यांचा नव्हता. गांवची शाळा इतकी सकस असावी कीं तिच्यांत राहणाऱ्या मुलाचें नुकसान होऊं नये, आणि ज्याला दूर जावयाचें आहे त्यानें हौसेनें जावें, नाइलाजानें नव्हे. तसें होईल तेव्हांच पालकांच्या निर्णयाला निवड हें नांव शोभेल.