बाटलीआधीचा प्रश्न

सर्दी-पडशाने मूल बेजार झाले म्हणजे आईबापांचा जीव थाऱ्यावर राहत नाही. डॉक्टरांनी काही तरी द्यावे, ही त्यांची अपेक्षा असते. आणि काहीही न देता रुग्णाला परत पाठविणे डॉक्टरांनाही जड जाते. अनावश्यक औषधाची प्रथा या दोन्हींतून पोसली जाते. पांढुर्णा-सौसरच्या मुलखाला तिची किंमत फार जवळून पाहावी लागली.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, ताप-खोकल्याने आजारी पडलेली मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. लघवी बंद झालेल्या कित्येकांना नागपूरला न्यावे लागले. वीस वा त्याहून अधिक बालके गेली. त्यांत पांढुर्णा व बैतूल जिल्ह्यांतलीही होती. कोल्ड्रिफ नावाच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. मान्य मर्यादा अवघी ०.१ टक्का आहे.

हे विष नवे नव्हे. १९३७ साली अमेरिकेत याच द्रवात विरघळविलेल्या सल्फा औषधाने शंभरावर माणसे दगावली; विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा तेथील कायदा १९३८ मध्ये झाला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनने १४ रुग्ण गेले, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध-प्रशासनातील दोष चव्हाट्यावर मांडले.

तथापि कारखान्याच्या अपराधापलीकडे एक प्रश्न उरतोच. ते औषध शुद्ध असते, तरी त्या बालकांना त्याची गरज होती काय? त्यातील क्लोरफेनिरामीन व फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा छापण्याचा आदेश २०२३ मध्येच निघाला होता. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले : दोन वर्षांखाली खोकल्याचे औषध नकोच, पाच वर्षांखाली सहसा नको, कारण मुलांचा असा खोकला बहुधा आपोआप बरा होतो.

रुग्णाचे हित पाहणारा डॉक्टर मूल तपासतो, श्वास मोजतो. पाणी व विश्रांती सांगतो. धाप लागली, दूध-पाणी तुटले, तर लगेच या, असे समजावतो. यास वेळ लागतो. बाटली लिहून देण्यास क्षणही पुरतो. बाटलीतील औषधाची शुद्धता कायद्याने राखावी. ती बाटली हवी की नको, हे मात्र दवाखान्यातच, आईबापांना विश्वासात घेऊन, ठरावयाचे असते.