वर्तुळातले पूर्णांक बिंदू

आरंभबिंदू केंद्र धरून ५ त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि ज्यांचे दोन्ही निर्देशक पूर्णांक आहेत असे बिंदू परिघासकट मोजा. ते ८१ भरतात, क्षेत्रफळ ७८.५४. त्रिज्या १० असेल तर बिंदू ३१७, क्षेत्रफळ ३१४.१६. हा फरक त्रिज्येबरोबर किती वाढू शकतो, हा गाउसचा प्रश्न.

त्याची युक्ती सोपी आहे. प्रत्येक बिंदू मध्यावर ठेवून १ बाजूचा चौरस आखायचा. मग बिंदूंची संख्या म्हणजेच या चौरसांचे एकूण क्षेत्रफळ. चौरसाचा कोपरा मध्यापासून सुमारे ०.७१ अंतरावर असतो. म्हणून त्रिज्या तेवढी वाढवली, तर सारे चौरस त्या मोठ्या वर्तुळात मावतात. तेवढी घटवली, तर ते लहान वर्तुळ पुरते झाकतात. म्हणजे फरक फार तर त्रिज्येच्या ठरावीक पटीइतका. गडबड सगळी काठावर.

मात्र ही मर्यादा फार सैल आहे. काठावरचे काही चौरस बाहेर डोकावतात, तर काही ठिकाणी वर्तुळाचा तुकडा उघडा राहतो, आणि बरीचशी चूक आपसांत फिटते. सिएर्पिन्स्कीने १९०६ मध्ये त्रिज्येचा घातांक १ वरून २/३ वर आणला. २००३ मध्ये हक्सली १३१/२०८ पर्यंत, म्हणजे जवळपास ०.६३ पर्यंत पोचला. शतकभराची कमाई ०.०४ सुद्धा नाही! उलट बाजूने हार्डी आणि लांडाऊ यांनी १९१५ मध्येच दाखवले होते की घातांक १/२ पुरत नाही. त्याहून किंचितही मोठा घातांक पुरेल असा तज्ज्ञांचा कयास आहे, सिद्धता नाही.

गंमत अशी की नेमकी संख्या देणारे सूत्र हाताशी आहे. त्रिज्येच्या वर्गाला १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी भागायचे, अपूर्णांक टाकायचे आणि आलटून पालटून अधिक-वजा करायचे. २५ साठी २५ − ८ + ५ − ३ + २ − २ + १ − १ + १ − १ + १ − १ + १ = २०. त्याची चौपट ८०, त्यात केंद्राचा १ मिळवला की ८१. अपूर्णांक टाकलेच नाहीत, तर उरते ती केरळच्या माधवाची पायची मालिका, आणि तिच्यातून येते थेट क्षेत्रफळ. तेव्हा तो १ बाजूला ठेवला, तर सगळी चूक टाकलेल्या अपूर्णांकांचीच आहे. ते एकमेकांना किती खोडतात, हे कोणालाही पुरते मोजता आलेले नाही.