शिवेवरचा माग

आमच्या लोणी देवकरात चोरीची गोष्ट निघाली की आजोबा काठीच्या टोकानं मातीत आडवी रेघ ओढायचे. ही आपली शीव. चोराच्या पायाचा माग आपल्या हद्दीत आला, तर गाव राखणाऱ्या जागल्यानं तो पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन द्यायचा. त्या गावानं तो ताब्यात घ्यायचा, त्याच्या पुढच्या गावाला द्यायचा. माग जिथं थांबला, त्या गावानं चोर द्यायचा, नाहीतर चोरीची भरपाई. आजोबांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. पण रात्रभरात ठसा बुजू नये म्हणून त्यावर टोपली पालथी घालायची, एवढा बारकावा ते सांगायचे.

समुद्राच्या गोष्टी आमच्या घरात आल्या त्या तात्यांबरोबर. तात्या माझे थोरले चुलते. मुंबई पोलिसांत हवालदार, नोकरीची शेवटची वर्षं गोदीत. सुट्टीवर आले की अंगणात बाजेवर बसून बोलायचे. त्यांची एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली की पुढे तिच्या तारखाच शोधून काढल्या.

22 ऑक्टोबर 1999. 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचं जहाज इंडोनेशियातून सुमारे 7,000 टन अॅल्युमिनियम घेऊन निघालं आणि निघाल्यानिघाल्याच चाच्यांच्या हाती पडलं. आठवडाभरानं 17 खलाशांना तराफ्यावर बसवून भर समुद्रात सोडून दिलं. थायलंडच्या मच्छीमारांना ते दिसले म्हणून वाचले. इकडे जहाजाचं नाव खोडून 'मेगा रामा' असं रंगवलं होतं. मग माग सुरू झाला. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्रानं वर्णन सगळीकडे कळवलं. एका तेलवाहू जहाजाच्या कप्तानाला तसलंच जहाज अरबी समुद्राच्या वाटेवर दिसलं. आपल्या तटरक्षक दलाचं 'ताराबाई' मागे लागलं, नौदलाचं 'प्रहार' येऊन मिळालं. चाच्यांनी आग लावली, जहाज बुडवायला निघाले, तरी 16 नोव्हेंबरला ते हाती लागलं आणि मुंबईला आणलं. 'ताराबाई' हे नाव घेताना तात्यांचा आवाज चढायचा.

आणि लगेच उतरायचा. "जहाज धरलं, माणसं धरली, पण कलमच नव्हतं रं."

खरंच नव्हतं. भारतीय दंड विधानात चाचेगिरी नावाचा गुन्हाच नव्हता. इतर कलमं जोडून खटला चालला. 2003 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयानं सजा दिली, 2005 मध्ये उच्च न्यायालयातून आरोपी सुटले. एवढ्या लांबून देशोदेशीच्या माणसांनी हातोहात आणलेला माग आमच्या शिवेत येऊन बुजला. तात्यांना ही गोष्ट कायम लागून राहिली.

सोमालियाचे चाचे गाजायला लागले तेव्हा मी उजनी धरणाच्या काठानं चालताना त्यांचाच विचार करत होतो. 1991 मध्ये सोमालियातलं सरकार कोसळलं, किनाऱ्याला राखणदार उरला नाही आणि परदेशी ट्रॉलर येऊन मासळी ओरबाडून नेऊ लागले. आमच्याकडे बारीक आसाचं वडाप जाळं ओढून नेतात, तेव्हा पाटीत बोटाएवढी चिलापी पडलेली मी पाहिली आहे. चांदीच्या चुऱ्यासारखी चमकते, आणि वर्षानं पोट भरणारा मासा तिथंच संपलेला असतो. काठावरच्या कोळ्याचा संताप मला कळतो. पण संतापाचा धंदा झाला की तो दुसऱ्या गरिबाच्याच मानेवर बसतो. 2010 मध्ये चाच्यांनी 'अॅस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज धरलं. खंडणी घेऊन जहाज सोडलं, पण सात भारतीय खलाशी ठेवून घेतले, कारण चाच्यांचे साथीदार भारताच्या कैदेत होते. ते सात जण ऑक्टोबर 2014 मध्ये सुटले. चार वर्षं त्यांच्या घरी सण कसे झाले असतील?

2008 पासून अनेक देशांच्या युद्धनौका एडनच्या आखातात उतरल्या. तरी पकडलेले कितीतरी चाचे हत्यारं काढून घेऊन पुन्हा किनाऱ्यावर सोडून दिले गेले, कारण खटला चालवायला फारसे देश राजी नव्हते. केनिया आणि सेशेल्स या देशांनी काहींचे खटले आपल्या अंगावर घेतले, त्यांना मी मानतो. युद्धनौका म्हणजे जागल्या. त्याच्यामागे माग ताब्यात घेणारं गाव हवं: कोर्ट हवं, तुरुंग हवा, खंडणीचा पैसा कोणत्या दारात गेला ते हुडकणारा हवा. आणि सोमाली किनाऱ्यावरच्या मासळीला राखण हवी. ती न देता नुसत्या तोफा पाठवणाऱ्या देशांनी निम्मंच काम केलं, असं मला वाटतं.

मार्च 2024 मध्ये 'आयएनएस कोलकाता'नं 'रुएन' हे जहाज सोडवलं. 17 खलाशी सुखरूप, 35 चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात. टीव्हीवर बातमी चालली होती. तात्या आता थकलेत, कानांना कमी येतं. मी जवळ जाऊन सांगितलं.

"कलम हाय का आता?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"आहे, तात्या. 2022 चा कायदा झालाय. जन्मठेपेपर्यंत सजा आहे, जीव गेला असेल तर फाशीसुद्धा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आन् पैसा लावणारा?"

मी त्यांना अफवेनेची गोष्ट सांगितली. सोमाली चाच्यांचा हा म्होरक्या. त्याच्या आयुष्यावर सिनेमा काढतो म्हणून बेल्जियमच्या पोलिसांनी त्याला 2013 मध्ये ब्रसेल्सला बोलावून विमानतळावरच धरलं, पुढे 20 वर्षांची सजा झाली. तात्या खुदकन हसले.

"असं कितीक धरले?"

"बोटांवर मोजण्याइतके," मी म्हटलं.

तात्यांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड वळवलं. तिथं बातमी बदलली होती.