काटा हलला नाही, पण पट्ट्याला नवीन भोक पडलं

"डॉक्टर, तीन महिन्यांत एक दिवस चालणं चुकवलं नाही. आणि कमी झालं किती? पाचशे ग्रॅम!"

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटने हे वाक्य जवळजवळ टेबलावर आपटलं होतं. वय ४८, दिवसभर खुर्चीवरची नोकरी, पोट सुटलेलं, शुगर अगदी काठावर. रोज पाऊण तास चाला, असं मीच त्यांना सांगितलं होतं. बोलता बोलता ते म्हणाले, "पँट जरा सैल होते म्हणून पट्ट्याला खिळ्याने एक भोक पाडलं, एवढंच काय ते." मी केसपेपरवर वजन लिहिलं आणि म्हणालो, "जेवण अजून थोडं कमी करून बघा." त्यांनी चालणंच सोडलं. दोन वर्षांनी आले ते मधुमेह घेऊन.

पट्ट्याचं ते भोक ही त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी होती आणि ती माझ्या कानावरून गेली. ती का गेली, याचा मी नंतर बराच विचार केला. आमच्या केसपेपरवर वजनाला चौकट असते, कंबरेला नसते. ही चौकट आली कुठून, हे शोधायला गेलं तर चारशे वर्षं मागे जावं लागतं. तुम्हीही रोज सकाळी काट्यावर उभे राहत असाल तर ही गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे.

इटलीत पादुआ इथे सांतोरिओ सांतोरिओ नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक होते. त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि सुमारे तीस वर्षं स्वतःचं वजन केलं. नुसतं स्वतःचं नाही, खाल्लेलं, प्यायलेलं आणि शरीराबाहेर पडलेलं सगळंच तोललं. १६१४ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातला प्रसिद्ध हिशेब असा: दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेलं, तर त्यातलं पाच पौंड डोळ्यांना न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातं. इतक्या चिकाटीने स्वतःला तोलणाऱ्या पहिल्या माणसाला काय सापडलं, तर वजनाची रोजची चढउतार ही मुख्यतः पाण्याची ये-जा असते! आजही तेच आहे. रात्री लोणचं-पापडासकट भरपेट जेवलात तर सकाळी काटा किलोभर वर जाऊ शकतो. ती चरबी नव्हे.

याच सांतोरिओंनी नाडीचा वेग मोजायला लंबकाचं एक साधनही बनवलं होतं. म्हणजे वजन आणि नाडी, दोन्ही मोजमापं एकाच माणसाच्या हातून आली. पुढे घराघरांत पोचला तो मात्र काटा. आपल्याकडे तर रेल्वे स्टेशनवर नाणं टाकलं की दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि पुठ्ठ्याचं तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. लहानपणी आम्ही ते भविष्य वाचण्यासाठीच वजन करायचो.

वजन आणि भविष्य यांची खरी गाठ घातली ती विमा कंपन्यांनी. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९४२-४३ मध्ये स्त्री-पुरुषांचे 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. लुई डब्लिन हे तिथले संख्याशास्त्रज्ञ. उंचीनुसार वजन आणि त्यात लहान, मध्यम, मोठी अशी शरीराची चण. ही चण मोजायची कशी, हे मात्र तक्त्यात नव्हतं, आणि वजनं होती कपडे-बुटांसकट. तरी कंपनीचं काम भागत होतं, कारण तिचा प्रश्न वेगळा होता. लाखो ग्राहकांत कोणत्या गटातले लोक लवकर मरतात, एवढंच तिला पाहायचं होतं. त्यासाठी काटा स्वस्त आणि पुरेसा होता. 'गेल्या महिन्यापेक्षा माझी तब्येत सुधारली का?' हा तुमचा प्रश्न त्या तक्त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. पण तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर आले आणि आम्ही डॉक्टर त्यांच्याकडूनच या प्रश्नाचं उत्तर मागू लागलो. (बीएमआयची कथाही तीच. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले या खगोल आणि संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांचा अभ्यास करताना ते गुणोत्तर मांडलं आणि १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला बीएमआय हे नाव दिलं.)

गंमत म्हणजे तक्ते आले त्याच वर्षी त्यांचं पितळ उघडं पडलं. अमेरिकन नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्की यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. तक्त्याप्रमाणे त्यातले १७ जण इतके 'जाड' होते की ते सैन्यभरतीत नापास झाले असते. बेन्कींनी त्यांना पाण्याखाली तोललं. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड; म्हणजे शाळेत शिकलेला आर्किमिडीजच. पठ्ठ्यांच्या अंगावर चरबी फारशी नव्हतीच, सगळे स्नायू होते. १९४२ मध्ये हे छापून आलं. तरी भिंतीवरचे तक्ते उतरले नाहीत.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हार्ट अटॅकचं प्रमाण वाढत होतं आणि कारण कळत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांना वाटलं, माणसाच्या कामाशी याचा संबंध असेल का? त्यांनी लंडनच्या दुमजली बस निवडल्या. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच संस्थेचे नोकर, साधारण एकाच परिस्थितीतले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ सगळा वेळ बसून आणि कंडक्टर दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणार. (मुंबईच्या डबलडेकरचं उदाहरण इथे देऊ नका. तिच्यात वरचा कंडक्टर वेगळा आणि खालचा वेगळा!) १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा आणि कमी जीवघेणा. पोस्टातही तसंच दिसलं. टपाल वाटणारे पोस्टमन टेबलावरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

लोकांनी शंका काढली. मुळातच जाड माणसं ड्रायव्हर होत असतील, मग यात व्यायामाचं काय? शंका रास्त होती. उत्तरासाठी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटा मागवला नाही. ते गेले गणवेशाच्या नोंदींकडे. बस कंपनी नोकरांना गणवेश पुरवायची, त्यामुळे प्रत्येकाच्या पँटच्या कंबरेचं माप कागदावर होतं. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखाच्या शीर्षकातच 'गणवेशांचं साथरोगशास्त्र' असे शब्द आहेत! ड्रायव्हरांच्या कंबरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण वयापासून. म्हणजे शंकेत तथ्य होतं. पण पुढे कंबरेचा हिशेब धरूनही कंडक्टरांचं पारडं जडच राहिलं. पोट सुटलेला कंडक्टरसुद्धा तसंच पोट असलेल्या ड्रायव्हरपेक्षा बऱ्या स्थितीत होता. यात दोन वेगळी मोजमापं आहेत. एक, कंबरेत किती साठलंय. दोन, तुमचं हृदय पायऱ्या चढायला किती सरावलंय. दुसरं तर काट्यावर दिसतच नाही.

दुसऱ्या मोजमापाची साधनं त्याच सुमारास तयार होत होती. हार्वर्डमध्ये १९४३ साली लुसियन ब्रूआ यांनी पायरीची चाचणी बसवली: वीस इंची बाकावर पाच मिनिटं चढउतार, मग बसून नाडी मोजायची. नाडी जितकी लवकर खाली येते तितका माणूस तंदुरुस्त. १९६८ मध्ये केनेथ कूपर यांनी त्याहून सोपं केलं: बारा मिनिटांत किती अंतर धावता ते बघा. फुप्फुसाच्या रुग्णांसाठी ब्रिटिश डॉक्टरांनी धावण्याचं चालणं केलं आणि बारा मिनिटांची सहा. ती सहा मिनिटं चालण्याची चाचणी आम्ही आजही रोज वापरतो.

आपल्या लोकांसाठी मात्र कंबरेचा मुद्दा जास्त बोचरा आहे, आणि तो जगाला दाखवला एका पुणेकराने. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. काट्याच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊच. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट गाठण्यासाठी धावणं, असं त्यांनीच गमतीने लिहिलं होतं. गंमत बाजूला ठेवली तरी ओपीडीत मला हा फोटो रोज दिसतो: हातपाय काटक्या, वजन 'नॉर्मल', आणि पोटात साठलेली चरबी. म्हणूनच भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी खाली आणली आहे.

नियमित चालायला लागल्यावर पोटातली ही आतली चरबी लवकर हलते. त्याच वेळी पायांचे स्नायू थोडे भरतात. शिवाय स्नायू साखरेचा साठा वाढवतात आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. एक कमी झालं, दुसरं वाढलं, काटा जागच्या जागी. माझ्या पेशंटचे पाचशे ग्रॅम असेच असणार.

मग घरी काय मोजाल? शिंप्याची मोजपट्टी घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध ती लावा आणि सहज श्वास सोडल्यावर वाचा. पोट आत ओढू नका, बघायला कुणी नाही. महिन्यातून एकदा पुरे. पँटच्या नंबरवर विसंबू नका, कारण वीस वर्षं 'माझी कंबर चौतीसच' म्हणणारे बरेच जण पँट पोटाखाली बांधत असतात. मॉरिसच्या काळी पँट बेंबीपाशी असायची. सलवारीची आणि परकराची नाडी तर काहीच सांगत नाही. हाताची नाडी सांगते: सकाळी उठल्या उठल्या, चहाआधी, पूर्ण मिनिट मोजा. दोन-तीन महिन्यांच्या व्यायामाने ती काही ठोके खाली आली तर हृदय एका ठोक्यात जास्त काम करायला लागलंय. (बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे माप धरू नका.) रोजचाच जिना, रोजचाच वेग, दम कितव्या मजल्यावर लागतो ते लिहून ठेवा. छातीत दडपण किंवा जबड्यात दुखलं तर मात्र तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. हार्वर्डची चाचणी घरी करू नका, ती तरुण सैनिकांसाठी होती.

आणि जमिनीवर बसून हात न टेकता उठून बघा. ब्राझीलच्या क्लॉडिओ गिल अराऊजो यांनी याची दहा गुणांची चाचणी केली आहे. प्रत्येक वेळी हात किंवा गुडघा टेकला की एक गुण वजा. २०१२ मध्ये त्यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. पंगतीत मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या आजोबांना ही चाचणी रोज दोनदा द्यावी लागे. गुडघ्याची झीज असेल तर हा प्रयोग सोडून द्या.

ते पेशंट अजून माझ्याकडे येतात. आता साठीला आलेत. मधुमेह आहे, गोळ्या आहेत, पण चालणं पुन्हा सुरू केलं त्याला आठ वर्षं झाली. त्यांच्या केसपेपरवर वजनाच्या शेजारी मी हाताने एक रकाना आखला आहे. गेल्या महिन्याची नोंद: वजन ७६, कंबर ८९, जिना तीन मजले न थांबता. वजन पहिल्या वर्षीपेक्षा जेमतेम दोन किलोने कमी आहे. कंबर तेव्हा किती होती, ते मला सांगता येत नाही. मी मोजलीच नव्हती.