कर्नाळ्याचा कडा आणि पायाची पकड

पनवेल सोडून पेणच्या रस्त्यानें दहाबारा किलोमीटर गेलें, कीं रानानें झांकलेल्या डोंगराच्या माथ्यावर एक काळाकभिन्न सुळका आकाशांत घुसलेला दिसतो. कोणाला तो उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा वाटतो, कोणाला उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखा. हाच कर्नाळ्याचा किल्ला. त्याची उंची सुमारें १,५०० फूट. सह्याद्रीच्या थोरल्या गडांपुढें तो धाकटाच म्हणावयाचा. परंतु आषाढश्रावणांत जो कोणी त्याच्या वाटेला लागतो, त्याला पहिल्या तासाभरांतच कळून चुकतें, कीं उंची आणि अवघडपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चढणाऱ्याची खरी झुंज उंचीशीं नसते. ती पायाखालच्या वीतभर जागेशीं असते.

या वीतभर जागेचा इतिहास सहसा कोणी सांगत नाहीं. किल्ल्याचा इतिहास मात्र प्रसिद्ध आहे. पनवेल बंदर व घाटाकडे जाणारे मार्ग यांवर नजर ठेवणारें हें ठाणें आपल्या ताब्यांत असावें, असें प्रत्येक सत्तेला वाटलें. इ. स. १५४० च्या सुमारास गुजरातचा सुलतान आणि अहमदनगरचा निजामशहा यांच्या झटापटींत वसईचे पोर्तुगीजही येथें येऊन गेले. शिवाजीमहाराजांनीं किल्ला स्वराज्यांत आणला. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोंगलांना जे २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत कर्नाळा होता. पुढें १६७० सालीं मराठ्यांनीं तो परत घेतला, तो पुढें सरकतां सरकतां मोर्चे बांधीत, आडोशाआडून आडोशाकडे जात. नंतर तो पेशव्यांकडे आला, आणि १८१८ सालीं कर्नल प्रॉथर यानें तो इंग्रजांसाठीं जिंकून घेतला. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ सालीं याच डोंगराच्या परिसरांतील शिरढोण गांवीं झाला. त्यांचे आजोबा या किल्ल्याचे किल्लेदार होते.

१६७० च्या त्या चढाईंतील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. तट आणि बुरूज हें किल्ल्याचें दुसरें संरक्षण होय. पहिलें संरक्षण म्हणजे घसरता उतार. ज्याचे दोन्ही पाय स्थिर नाहींत, त्याला तलवार उचलतां येत नाहीं कीं बंदूक रोखतां येत नाहीं. मोर्चे बांधीत वर जाणें याचा अर्थ केवळ गोळीपासून आडोसा करणें एवढाच नव्हे. मिळविलेली प्रत्येक पायरी पक्की करून मगच पुढची मागणें, हाही आहे.

कर्नाळ्याच्या वाटेवर तीन प्रकारची जमीन भेटते. खालच्या रानांत लाल माती आणि कुजलेला पाला. पावसांत त्याचा चिखल होतो. वरच्या सोंडेवर सुटा मुरूम आणि खडी. उन्हाळ्यांत तीच पायाखालून जोंधळ्याच्या दाण्यांसारखी घरंगळते. आणि माथ्यालगत सुळक्याच्या पायथ्याशीं, जेथें पाण्याचीं टांकीं खोदलेलीं आहेत, तेथें उघडा काळा कातळ. कोरडा असतां या कातळासारखा विश्वासू सोबती नाहीं. परंतु त्यावर शेवाळ धरलें, कीं तोच कातळ तेल लावलेल्या पाटासारखा होतो.

आतां पाय जमिनीला धरतो तो कसा? दोनच रीतींनीं. एक घर्षणानें, म्हणजे तळवा खडकाच्या बारीकसारीक खाचांत दबून बसतो म्हणून. दुसरी रुतण्यानें, म्हणजे तळव्यावरील दांता किंवा खिळा जमिनींत शिरतो म्हणून. कोंकणांतला शेतकरी हें शास्त्र शाळेंत न शिकतां जाणतो. चिखल लागला, कीं तो वहाणा काढून हातांत घेतो. चामड्याचा गुळगुळीत तळ ओल्या मातींत रुतत नाहीं आणि ओल्या दगडाला चिकटत नाहीं. अनवाणी पायाचीं बोटें मात्र दोन्ही करतात. पण अनवाणी पायाला कांट्यांचें व तापलेल्या कातळाचें भय, आणि थंडीचें तर त्याहून अधिक. जेथें जमीनच बर्फाची, तेथें मनुष्याला जोडा घालावाच लागला. आणि जोडा घातला, कीं तो धरून कसा राहील हा प्रश्न उभा राहिला.

युरोपांतील आल्प्स पर्वतांत या प्रश्नाचें पहिलें उत्तर खिळ्यांनीं दिलें. जाड चामड्याच्या बुटांना लोखंडी खिळे ठोकून वाटाडे हिमावर चालत. १९०८ च्या सुमारास ओस्कार एकेनस्टाइन या इंग्रज अभियंत्यानें बुटाखालीं बांधावयाची दहा दांत्यांची पोलादी चौकट रचली. तिलाच क्रॅम्पॉन म्हणतात. १९२९ सालीं लोरां ग्रिव्हेल यानें चवड्यापुढें आणखी दोन दांते काढले, आणि बर्फाच्या उभ्या भिंतीवरही पाय रोवतां येऊं लागला.

परंतु एका जमिनीसाठीं केलेलें साधन दुसऱ्या जमिनीवर वैरी ठरतें, हा धडा १९३५ सालीं फार महाग पडला. इटलींतील पुन्ता रासिका या शिखरावर एक तुकडी चढत होती. विताले ब्रामानी हा नामांकित गिर्यारोहक तींत होता. वरच्या खडकावर चढण्यासाठीं मंडळींनीं खिळ्यांचे जड बूट खालीं ठेवून मऊ तळाचे हलके जोडे घातले होते. खडकासाठीं ती निवड योग्यच होती. तोंच वादळ उठलें, हिम पडलें, खडकावर बर्फाचा थर बसला. मऊ जोडे त्यावर ठरेनात. उतरण्याची वाट तीच असूनही ती वाट राहिली नाहीं. त्या वादळांत सहा जण गारठून मृत्यु पावले. पुढच्यास ठेंच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. ब्रामानी याला मात्र ठेंच लागली आणि शहाणाही तोच झाला. मोटारीच्या धांवेसाठीं जें कठीण केलेलें रबर वापरतात, त्याचाच खोल दांत्यांचा तळ त्यानें पिरेल्ली यांच्या साहाय्यानें बनविला आणि १९३७ सालीं त्याचें पेटंट घेतलें. १९५४ सालीं के-टू हें जगांतील दुसऱ्या क्रमांकाचें शिखर प्रथम जिंकणाऱ्या इटालियन गिर्यारोहकांच्या बुटांना हाच तळ होता. आज डोंगरांत चालणाऱ्यांच्या नि धांवणाऱ्यांच्या बहुतेक जोड्यांचा तळ त्याच कुळांतला आहे.

तरीसुद्धां निव्वळ बर्फापुढें रबर हरतें. त्याचें कारण बर्फाच्या अंगांतच आहे. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा एक अतिशय पातळ थर असतो, असें मायकेल फॅरडे यानें १८५० सालींच सुचविलें होतें. पृष्ठभागावरील कणांना वरच्या बाजूनें धरणारा शेजारी नसतो, म्हणून ते सैल राहतात. हवा शून्य अंशाच्या जवळ आली, कीं हा थर वाढतो. म्हणून कडाक्याच्या थंडींतील बर्फापेक्षां वितळूं लागलेलें ओलें बर्फ अधिक दगाबाज असतें. त्यांत थंडीनें रबर कडक होतें आणि त्याचा दबून बसण्याचा गुण जातो. घर्षणाची वाट अशी बंद झाली, कीं रुतण्याचीच वाट उरते.

म्हणून हिंवाळ्यांत बर्फाळ वाटेवर धांवणाऱ्यानें प्रथम जोडा पाहूं नये, वाट पाहावी. मऊ, ताजें हिम असेल तर चिखलाप्रमाणेंच तेथें खोल व विरळ दांत्यांचा रबरी तळ पुरतो. कोठें खडक, कोठें माती, मधूनच बर्फाचा पापुद्रा, अशी मिश्र वाट असेल तर तळांत बसविलेले टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बरे. ते लवकर झिजत नाहींत. सलग टणक बर्फ असेल तर जोड्यावर चढवावयाची सांखळी व तिचे सुमारें एक सेंटिमीटर लांबीचे दांते हवेत. मोठे क्रॅम्पॉन धांवण्यासाठीं नव्हेत. त्यांत पाय अडकून पडण्याचाच संभव. सांखळीचा पट्टा फार आंवळूं नये, कारण रक्त अडलें तर बोटें हिमदंशाला बळी पडतात. आणि साधन कोणतेंही असो, पाऊल आंखूड व शरीराच्या खालींच पडलें पाहिजे. लडाखांत गोठलेल्या झांस्कार नदीच्या पात्रावरून, म्हणजे चादरीवरून, चालणारे लोक पाय फार न उचलतां पुढें सरकवितात तें याच कारणासाठीं.

हा विषय आतां मराठी माणसालाही परका राहिलेला नाहीं. १९९८ सालीं पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोंचले, आणि २०१२ सालीं पुण्याच्याच गिरिप्रेमी संस्थेचे आठ गिर्यारोहक. त्याच लडाखांत गोठलेल्या पँगाँग सरोवरावर, सुमारें चौदा हजार फुटांच्या उंचीवर, २०२३ च्या फेब्रुवारींत २१ किलोमीटरांची धांवण्याची शर्यत झाली. इकडे सिंहगड, राजगड व तोरणा यांना जोडणाऱ्या वाटेवरही शर्यती होतात. गडवाटांवर पाय तयार झालेला मनुष्य हिमालयांत जातो, तेव्हां दम, तोल आणि उतारावरील सावधपणा ही त्याची शिदोरी उपयोगी पडते. परंतु जोडा मात्र त्याला नवा निवडावा लागतो. आणि तेथून परतल्यावर तोच पोलादी दांता कोणी कर्नाळ्याच्या कातळावर नेला, तर फसगत ठरलेली. बर्फांत रुतणारें पोलाद घट्ट दगडांत रुतत नाहीं. तें त्यावरून करकरत निसटतें. तेथें मऊ रबर आणि सावकाश टाकलेलें पाऊल हींच खरीं.

कर्नाळ्यावर चढतांना फारसें कोणी घसरत नाहीं. चढतांना मनुष्य नम्र असतो. पाय घसरतो तो उतरतांना, सुळका पाहून झाल्यावर, घर आठवूं लागल्यावर. पुन्ता रासिकाच्या मंडळींनाही वर चढणें साधलें होतें. उतरणें साधलें नाहीं. खालून निघतांना जी जमीन होती, तीच परततांना असेल असें डोंगर कधीं वचन देत नाहीं. एक सर येऊन गेली, कीं सकाळचा सोबती कातळ दुपारीं निराळा होतो. ज्यांनीं १६७० सालीं हा चढ मोर्चे बांधीत जिंकला, त्यांना पुढचें पाऊल टाकण्यापूर्वीं मागचें पक्कें करावें लागलें. जोडा निवडतांना आणि पाऊल टाकतांना आजही पहिला प्रश्न तोच असतो: पायांत काय आहे हा नव्हे, पायाखालीं काय आहे हा.