प्राध्यापकांसाठी राखलेले दार

राजाचा मान त्याच्या राज्यापुरता, विद्वानाचा मात्र सर्व देशांत, असा आपल्या सुभाषितकारांचा जुना विश्वास आहे. नालंदेचे आचार्य शांतरक्षित आठव्या शतकात हिमालय ओलांडून तिबेटात अध्यापनास गेले, तेव्हा तेथील राजाचे निमंत्रण हेच त्यांचे पारपत्र होते. पुढे अनेक शतके विद्वानांचा प्रवास असाच चालला. वाटेत चोरांचे, रोगराईचे, हिमवर्षावाचे भय असे. परंतु सीमेवर बसलेल्या कारकुनाचे भय नसे.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र पालटले. युद्धकाळात हेरांच्या धास्तीने लादलेली पारपत्रांची सक्ती युद्ध संपल्यावरही उठली नाही. आपल्याकडेही १९२० मध्ये भारतीय पारपत्र कायदा होऊन देशात प्रवेश करणाऱ्यांकडे पारपत्र मागण्याचा अधिकार सरकारास मिळाला. परदेशात शिकवू इच्छिणाऱ्या माणसाला आता ज्ञान असून भागेना. ते ज्ञान आपल्याजवळ आहे, याचा परक्या सरकारला पटेल असा पुरावा सादर करणे त्याला भाग पडले. या व्यवस्थेची खरी कसोटी १९३३ नंतरच्या बारा वर्षांत लागली.

तिचे मूळ अमेरिकेच्या १९२४ च्या स्थलांतर कायद्यात आहे. त्या वर्षीच्या २६ मे रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी स्वाक्षरी केलेल्या या कायद्याने प्रत्येक देशातून वर्षाकाठी किती माणसे घ्यावयाची याचा कोटा ठरवून दिला. मूळ हिशेब १८९० च्या जनगणनेवर बेतलेला होता, कारण त्यानंतर दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक कायदा करणाऱ्यांना नकोसे झाले होते. हिंदी माणसाला तर जवळजवळ संपूर्ण बंदीच झाली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी लोक नागरिकत्वास अपात्र ठरविले होते, आणि नागरिकत्वास अपात्र असलेल्यांना नव्या कायद्याने दार लावून घेतले होते.

परंतु या कठोर कायद्याच्या चौथ्या कलमात एक लहानसे पोटकलम होते. धर्मोपदेशक आणि महाविद्यालयांतील वा विद्यापीठांतील प्राध्यापक यांना कोट्याच्या बाहेर, संख्येची कोणतीही मर्यादा न ठेवता, पत्नी व अल्पवयीन मुलांसह प्रवेश द्यावा, असे ते सांगत होते. हिंदी प्राध्यापकासही त्या दाराने जाता येत असे. अट इतकीच होती की, अर्जाच्या लगतपूर्वीची किमान दोन वर्षे अर्जदार अखंडपणे हाच व्यवसाय करीत असला पाहिजे, आणि अमेरिकेत तो केवळ याच व्यवसायासाठी येत असला पाहिजे. शांततेच्या काळात या अटीत कोणालाही काही वावगे दिसले नाही. खोटे प्राध्यापक येऊ नयेत, एवढाच तिचा हेतू होता.

७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझी सरकारने एक कायदा केला. त्याचे नाव मोठे सोज्ज्वळ होते: व्यावसायिक नागरी सेवेच्या पुनःस्थापनेचा कायदा. जर्मन विद्यापीठे सरकारी असल्यामुळे प्राध्यापक हे शासकीय सेवक होते. या एका कायद्याने ज्यू वंशाच्या आणि राजवटीस नकोशा असलेल्या अध्यापकांना पदांवरून दूर करण्यास आरंभ झाला. ज्या गटिंगेनला सारे जग गणित शिकण्यास येत असे, तेथून मॅक्स बोर्न आणि एमी नोएदर यांना बाहेर पडावे लागले. शेकडो विद्वान परदेशांतील विद्यापीठांना पत्रे लिहू लागले.

त्यांच्या साहाय्यासाठी ठिकठिकाणी संस्था उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये रदरफोर्ड यांच्या अध्यक्षतेखाली अध्यापक साहाय्य मंडळ स्थापन झाले. न्यूयॉर्कमध्ये स्टीफन डगन यांनी विस्थापित परदेशी विद्वानांसाठी तातडीची समिती उभारली. तिचा साहाय्यक चिटणीस होता पंचविशीतला एक तरुण, एडवर्ड मरो. हाच मरो पुढे युद्धकाळात लंडनहून बाँबवर्षावाचा वृत्तांत नभोवाणीवरून अमेरिकेच्या घराघरांत पोहोचविणारा म्हणून प्रसिद्धीस आला.

समितीपुढील अडचण पैशाची होती, तितकीच कागदांचीही होती. अमेरिकेत मंदीचा कहर होता. तेथील विद्यापीठे आपल्याच अध्यापकांना कमी करीत होती. म्हणून तरुण अमेरिकन उमेदवारांशी स्पर्धा होऊ नये, या धोरणाने समिती प्रौढ व नामांकित विद्वानांनाच साहाय्य देई. आणि विद्यापीठे म्हणत की फार वयस्क माणूस आम्हास नको. विद्यापीठाचे नेमणूकपत्र असल्याखेरीज वाणिज्यदूत प्रवेशाचा परवाना देत नसे, आणि परवाना मिळेलच याची शाश्वती असल्याखेरीज विद्यापीठ नेमणुकीस तयार नसे. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, त्यातलाच हा प्रकार होता.

त्यातून ती दोन वर्षांची अट आता निराळेच रूप दाखवू लागली. १९३३ मध्ये पदच्युत झालेला प्राध्यापक १९३६ मध्ये अर्ज करू लागला, तर लगतपूर्वीची दोन वर्षे तो शिकवीत होता, असे कसे म्हणावे? त्याला शिकविण्यास ज्यांनी बंदी केली, त्यांच्या अन्यायाचाच दाखला त्याच्या अपात्रतेचा पुरावा होऊन बसे. संशोधनसंस्थांत काम करणारे, ग्रंथपाल, पद न मिळता व्याख्याने देणारे, यांना प्राध्यापक म्हणावे की नाही, हा प्रश्न वेगळाच. विद्यापीठांनी स्त्रियांना पूर्ण प्राध्यापकपद क्वचितच दिलेले असल्यामुळे या व्याख्येचा जाच त्यांना अधिक झाला. सवलत देणे वा न देणे हे बव्हंशी वाणिज्यदूताच्या मतावर अवलंबून होते, आणि त्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद लागत नसे.

नियमाची पकड किती व्यापक होती, हे आइन्स्टाइन यांच्या एका प्रवासावरून ध्यानी येते. ऑक्टोबर १९३३ मध्ये ते प्रिन्स्टनला आले, ते पाहुण्याच्या परवान्यावर. कायमच्या वास्तव्याचा अर्ज अमेरिकेच्या बाहेरील वकिलातीतच करावा लागे. म्हणून १९३५ मध्ये जगातील सर्वांत विख्यात शास्त्रज्ञास बोटीने बर्म्युडा बेटावर जावे लागले, आणि तेथील अमेरिकन वाणिज्यदूताकडे अर्ज देऊन ते परतले. त्यांच्या बाबतीत हा केवळ एक गमतीदार प्रसंग ठरला. सर्वांचे दैव तसे नव्हते.

ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे हिब्रू युनियन कॉलेज नावाची ज्यू धर्मविद्येची संस्था आहे. तिने १९३९ च्या सुमारास युरोपातील काही विद्वानांना अध्यापनासाठी बोलाविले. त्यांत आर्थर श्पानिअर होते. प्रशियाच्या राज्य ग्रंथालयात हिब्रू ग्रंथांचा विभाग त्यांनी सांभाळला होता, आणि नंतर बर्लिनच्या ज्यू विद्येच्या उच्च विद्यालयात ते शिकवू लागले होते. या विद्यालयाचा दर्जा नाझी सरकारने १९३४ मध्ये उतरविला व त्यास केवळ 'शिक्षणसंस्था' हे नाव घेण्यास भाग पाडले. अमेरिकन परराष्ट्र खात्याने हा फरक नेमका टिपला. ही संस्था विद्यापीठाच्या दर्जाची नाही, सबब तेथील अध्यापकास चौथ्या कलमाचा लाभ देता येत नाही, असा निर्णय झाला. छळ करणाऱ्याने अपमानासाठी बदललेली पाटी आश्रय देणाऱ्याने प्रमाण मानली.

श्पानिअर हॉलंडमध्ये गेले. ब्रेस्लाउ येथील ज्यू धर्मविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणारे आल्बर्ट लेव्कोविट्झ हेही तेथेच होते, व त्यांनाही सिनसिनाटीचे निमंत्रण होते. त्यांचा अर्ज रॉटरडॅमच्या वकिलातीत पडून असता मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढले. कागद जळाले. नव्या प्रती जर्मनीतून आणाव्यात, असे सांगण्यात आले, आणि ते अशक्य होते. दोघेही बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत गेले. लेव्कोविट्झ १९४४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटून पॅलेस्टाइनला पोहोचले. श्पानिअर छावणीतच मरण पावले. त्याच महाविद्यालयाने बोलाविलेले अब्राहम जोशुआ हेशेल मात्र युद्धाच्या तोंडावर वॉर्सा सोडून लंडनमार्गे १९४० मध्ये अमेरिकेस पोहोचले आणि विसाव्या शतकातील एक थोर धर्मचिंतक म्हणून मान्यता पावले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या अभ्यासक हेडविग हिन्त्से यांना न्यूयॉर्कच्या एका संस्थेचे निमंत्रण मिळाले होते. तेथे त्या कधीच पोहोचू शकल्या नाहीत. १९४२ मध्ये हॉलंडमधील उत्रेख्त येथे त्यांचा अंत झाला.

न्यूयॉर्कच्या समितीकडे सुमारे सहा हजार विद्वानांचे अर्ज आले. साहाय्य मिळाले ते ३३५ जणांना.

याच काळात तुर्कस्तानने निराळी रीत दाखविली. केमाल अतातुर्क यांच्या सरकारने १९३३ मध्ये इस्तंबूलचे जुने विद्यापीठ मोडून नवे उभारण्याचे ठरविले होते. निर्वासित विद्वानांच्या वतीने फिलिप श्वार्ट्झ हे रोगनिदानशास्त्रज्ञ ६ जुलै १९३३ रोजी अंकारा येथे शिक्षणमंत्री रेशित गालिप यांच्यासमोर बसले, आणि सुमारे तीस प्राध्यापकपदांचा ठराव त्या एका बैठकीत झाला. तेथेही अटी होत्याच. प्रारंभी दुभाष्याच्या साहाय्याने शिकवावे, पण तीन वर्षांनंतर तुर्की भाषेतूनच शिकवावे, आणि पाठ्यपुस्तके तुर्कीत सिद्ध करावीत, असे करारात होते. ही अट कडक होती, तरी ती भविष्याकडे पाहणारी होती: तू पूर्वी कोण होतास, यापेक्षा येथे येऊन काय देशील, हे ती विचारीत होती. विधिज्ञ एर्न्स्ट हिर्श यांनी तुर्की भाषा आत्मसात केली आणि पुढे तुर्की नागरिकत्वही घेतले. एरिश औअरबाख यांनी आपला 'मिमेसिस' हा ग्रंथ इस्तंबूलमध्येच लिहिला. तथापि तुर्कस्तानने हा उपकार म्हणून केला नव्हता; त्याला विद्यापीठ हवे होते. नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेरील ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले, तेव्हा या मंडळींच्या तुर्की कागदपत्रांवर 'हायमातलोझ' हा शब्द उमटू लागला. 'ज्यास मायभूमी नाही तो' अशा अर्थाचा तो जर्मन शब्द तुर्कीने जसाच्या तसा उचलला होता.

हिंदुस्थानचे दारही अगदीच बंद नव्हते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३५ च्या हिवाळ्यात मॅक्स बोर्न यांना पाचारण केले व त्यांना तेथे कायमचे ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. तो सफल झाला नाही, आणि १९३६ मध्ये बोर्न एडिंबरोला गेले. गणितज्ञ फ्रीड्रिख लेवी यांचा योग मात्र जुळला. लाइपझिग येथील पद गेल्यावर १९३५ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात आले, १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले, आणि आधुनिक बीजगणिताचे बीज त्यांनी या देशात रुजविले.

मुंबई बंदरावर १९३४ मध्ये वॉल्टर कॉफमन नावाचा एक संगीतकार उतरला. येथेच का आलात, याचे त्याचे उत्तर साधे होते: येथील परवाना सहज मिळाला. १९३७ ते १९४६ या काळात तो मुंबई नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचा प्रमुख होता. पहाटे आकाशवाणी सुरू होताना जी संकेतधून कित्येक पिढ्यांनी ऐकली, तिच्या रचनेचे श्रेय सामान्यतः त्यालाच दिले जाते. पुढे तो अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाला. परंतु येथील आतिथ्यालाही दुसरी बाजू होती. १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना शत्रुपक्षीय म्हणून स्थानबद्ध केले. अहमदनगरच्या छावणीत नाझींचे समर्थक आणि नाझींना भिऊन पळालेले निर्वासित एकाच कुंपणात आले, कारण दोघांचे पारपत्र एकच होते.

प्राध्यापकांचे ते कोट्याबाहेरचे दार अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याने काढून टाकले, आणि राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत १९६५ मध्ये गेली. त्यानंतर हजारो भारतीय अध्यापक तेथील विद्यापीठांत गेले. त्यांत मराठी नावेही पुष्कळ आहेत. परकीय तज्ज्ञांच्या तात्पुरत्या परवान्यांवर जी वार्षिक मर्यादा होती, तीतून विद्यापीठांना २००० मधील एका कायद्याने वगळण्यात आले. १९२४ च्या त्या पोटकलमामागील विचार असा पुन्हा निराळ्या रूपाने अवतरला.

कोणत्याही राज्याला आपल्या सीमेवर कोण येतो हे विचारावेच लागते, आणि नियम लिहिताना शब्दांची मर्यादा घालावीच लागते. श्पानिअर यांचा अर्ज नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने नियम मोडला नव्हता; त्याने तो अक्षरशः पाळला होता. विद्यालयाची पाटी कोणी व कशासाठी बदलली, एवढेच विचारण्याचे त्याने टाळले. तो प्रश्न विचारण्यास कोणत्याही कलमाची मनाई नव्हती.